लाइट गेली की वायफाय जाते

मामांची तक्रार एका वाक्याची होती : लाइट गेली की संगणकाचे वायफाय जाते, आणि लाइट आली तरी ते परत येईलच असे नाही. मे महिना होता. रावेर तालुक्यातील त्यांच्या गावात दिवसातून तीन-चार वेळा वीज जात होती, आणि केळीच्या कापणीचा हिशेब, व्यापाऱ्यांशी होणारा पत्रव्यवहार व बँकेची कामे ज्या एका संगणकावर चालतात, तो दोन दिवसांपासून घरच्या नेटवर्कला जोडला जात नव्हता. घरातले चारही मोबाइल त्याच वायफायवर विनातक्रार चालत होते. मी भुसावळला राहतो, आणि नातेवाइकांत संगणकातले कळणारा म्हणून माझेच नाव घेतले जात असल्यामुळे हा फोन मला येणे क्रमप्राप्त होते. मामांचे वाक्य मी ऐकून घेतले आणि बाजूला ठेवून दिले. वीज गेल्याने काही बिघडत असेल तर ते सर्वांसाठी बिघडेल, एकट्या संगणकासाठी कसे बिघडेल, असा माझा बिनतोड वाटणारा युक्तिवाद होता.

शनिवारी रात्री मी फोनवरून मामेबहिणीला एकामागून एक सूचना देत गेलो, आणि त्यांतील निम्म्या मी का दिल्या हे आज मला सांगता येणार नाही. घरचे नेटवर्क संगणकाला विसरायला लावले, डिव्हाइस मॅनेजरमधून वायफायचे उपकरण काढून पुन्हा शोधायला लावले, आणि एवढ्यावर न थांबता कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन संगणकाला एक कायमचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधील त्याच्या ओळखीचा आकडाही हाताने भरायला लावला. मुलगी हुशार आहे. तिने सांगितले ते सर्व अचूक केले. संगणक मात्र जोडला गेला नाही, आणि आता त्यात नेमके काय बदलले आहे व काय मूळचे आहे याचा हिशेब आम्हा दोघांकडेही राहिला नाही. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी मोटारसायकलने निघालो.

‘वायफाय लागत नाही’ या तक्रारीच्या पोटात तीन वेगळ्या तक्रारी असतात. कधी यादीत आपल्या नेटवर्कचे नावच दिसत नाही. कधी नाव दिसते, पण पासवर्ड दिल्यावरही संगणकाला आत घेतले जात नाही. आणि कधी संगणक आत जातो, जोडले गेल्याचेही सांगतो, पण एकही पान उघडत नाही. या तिन्हींची कारणे वेगळी असतात, आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर बहुधा नवे दुखणे मागे लागते. तुमच्याकडे यांपैकी काय होते आहे, हा साधा प्रश्न मी शनिवारी रात्री तासभर बोलूनही विचारला नव्हता.

दुसऱ्या प्रकारचा माझा आवडता नमुना धुळ्यातील एका शिक्षक मित्राच्या घरचा आहे. त्यांनी दहा-बारा वेळा पासवर्ड टाकून पाहिला आणि राऊटर सदोष ठरवून नवा आणायची तयारी केली. प्रत्यक्षात शाळेचा अहवाल टाइप करताना त्यांचा कळफलक मराठीवर राहिला होता, आणि पासवर्डच्या चौकटीत प्रत्येक अक्षराच्या जागी काळा ठिपकाच उमटत असल्यामुळे आपण देवनागरीत लिहीत आहोत हे त्यांना दिसतच नव्हते. त्या चौकटीशेजारचे डोळ्याचे चिन्ह दाबून धरले की लिहिलेले दिसते. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी. पासवर्ड खरोखर बरोबर असूनही संगणक बाहेर राहत असेल तर राऊटरची सुरक्षा पद्धत पाहावी लागते. डब्ल्यूपीए२ ही पद्धत २००४ साली आली आणि डब्ल्यूपीए३ ही २०१८ साली, त्यामुळे नवा राऊटर केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असल्यास विंडोज ७ चा जुना संगणक त्याला कितीही विनवण्या करो, त्याचे काही चालत नाही. दोन्ही पद्धती एकत्र चालू ठेवण्याची सोय राऊटरमध्ये बहुधा असते. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे जोडणी असून पाने उघडत नसतील तेव्हा, मी सर्वांत आधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहतो. मदरबोर्डवरची तीन व्होल्टची चपटी बॅटरी, जिला दुकानात सीआर २०३२ म्हणून मागायचे, ती संपली की जुना संगणक दर वेळी कुठल्या तरी मागच्या सालात जागा होतो आणि बँकेच्या संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले वाटते. दोष त्या बॅटरीचा असतो, बोल वायफायला लागतो.

मामांचा संगणक पहिल्या प्रकारचा निघाला. यादीत घरच्या नेटवर्कचे नावच नव्हते.

त्यांचे घर दोन पिढ्यांचे आहे. पुढच्या खोल्या सिमेंटच्या, आणि मागचा भाग जुना धाब्याचा, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींचा, जो उन्हाळ्यात गार राहतो म्हणून मामांनी कोणालाही पाडू दिलेला नाही. उष्णता नको म्हणून संगणक याच मागच्या खोलीत आहे, तर राऊटर पुढे, जिथे फायबरची वायर घरात शिरते तिथे. असे घर पाहिल्यावर संशय भिंतीवर जाणारच. शिवाय आमच्या भागात उन्हाळ्याचा आणखी एक संशयित असतो, तो म्हणजे कूलर. भुसावळला माझ्याच घरी एका एप्रिलमध्ये आतल्या खोलीतले वायफाय एकाएकी मंदावले होते, आणि दोन दिवस राऊटरशी झटापट केल्यावर लक्षात आले की माळ्यावरून काढलेला पत्र्याचा कूलर बरोबर दोन्हींच्या मध्ये येऊन बसला आहे. पत्रा या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. भरलेला कूलर दोन्ही कामे एकाच वेळी करतो. तो हातभर सरकवला आणि प्रश्न मिटला. मामांचा कूलर मात्र खिडकीत, राऊटरच्या विरुद्ध बाजूला होता.

भिंतीवरचा संशयही फार काळ टिकला नाही, कारण संगणकाच्या यादीत शेजाऱ्यांची तीन नेटवर्के दिसत होती आणि त्यांतील एक तर गल्लीपलीकडच्या घरातले होते. गल्लीपलीकडचे ऐकू येते आणि स्वतःच्या घरातले येत नाही, हे भिंतीचे काम असू शकत नाही. तरीही खात्री करून घ्यावी म्हणून मामांनी आणि मी संगणकाचा डबा, मॉनिटर आणि वायरींचा गुंता उचलून पुढच्या खोलीत राऊटरच्या शेजारी आणून मांडला. दोन्हींत आता वीतभर अंतर होते. यादीत शेजारी होते, घरचे नव्हते.

आता दोन्ही पक्षांची वेगवेगळी परीक्षा घेणे आवश्यक होते. राऊटर ठीक आहे का, याचे उत्तर चार मोबाइल देतच होते. संगणक ठीक आहे का, हे पाहण्यासाठी मी माझ्या फोनवर हॉटस्पॉट चालू केला. संगणकाने तो लगेच ओळखला, पासवर्ड घेतला आणि जोडलाही गेला. नावाखाली बारीक अक्षरांत ‘इंटरनेट नाही’ असे लिहून आले होते, पण गावात माझ्या फोनला रेंजच एखाद-दुसरी दांडी असल्यामुळे मी त्याकडे दुर्लक्ष केले. ते दुर्लक्ष मला दुपारी भोवले. त्याविषयी पुढे सांगतो. त्या क्षणी मला एवढेच दिसत होते की राऊटर निर्दोष, संगणक निर्दोष, आणि दोघांची भेट मात्र होत नाही.

मामा माझ्या मागे खुर्चीवर बसून हे सर्व पाहत होते. त्यांनी विचारले, “फोनले लागते, मंग या डबड्यालेच काऊन नाही लागत रे भो?”

सकाळपासून कोणी विचारलेला हा पहिला योग्य प्रश्न होता. फोनजवळ असे काय आहे जे संगणकाजवळ नाही? मामांच्या संगणकात मुळात वायफाय नाही. मागे वायफाय पकडणारे एक नखाएवढे यूएसबी डोंगल खोचलेले आहे, कधीतरी ऑनलाइन मागवलेले आणि अगदी स्वस्तातले. अशी डोंगले बहुधा रेडिओलहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच काम करतात, तर आजचे फोन २.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे ऐकतात, आणि राऊटर दोन्ही पट्ट्यांवर एकाच नावाने हाक देत असल्यामुळे कोण कोठे जोडला गेला आहे हे वापरणाऱ्याला कळतही नाही. मला वाटले की राऊटरचा २.४ चा पट्टाच बंद पडला असावा. पण मामींचा जुना फोन फक्त २.४ चा होता आणि त्यावर मामी भजन ऐकत होत्या. तोही तर्क गेला.

उरला होता एकच धागा. फोनवर वायफायच्या लहरी मोजून दाखवणारे एक फुकट अॅप मी उतरवून घेतले. त्याच्या आलेखात प्रत्येक नेटवर्क एखाद्या टेकडीसारखे दिसते. शेजाऱ्यांच्या टेकड्या १, ६ आणि ११ या आकड्यांवर उभ्या होत्या. मामांच्या घरची टेकडी सर्वांत उंच होती आणि ती सर्वांपासून दूर, उजव्या टोकाला, १३ या आकड्यावर होती.

हे आकडे चॅनेलचे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने चॅनेलांत विभागलेला आहे. पहिल्याचा मध्य २४१२ वर येतो आणि तेराव्याचा २४७२ वर. प्रत्येक राऊटर साधारण वीस मेगाहर्ट्झ रुंदीची जागा अडवीत असल्यामुळे शेजारच्या दोन चॅनेलांवरील राऊटर एकमेकांच्या अंगावर येतात, आणि म्हणून १, ६ व ११ या एकमेकांना न भिडणाऱ्या तीन जागांवर सगळी गर्दी होते. भारतात १ ते १३ ही सर्व चॅनेले वापरता येतात. अमेरिकेत मात्र व्यवहारात ११ पर्यंतचीच वापरली जातात, आणि तिकडच्या नियमांप्रमाणे बसवलेली उपकरणे अकराच्या पुढे कानच देत नाहीत. जुन्या रेडिओचा काटा जिथे अडतो, त्यापलीकडचे केंद्र कितीही जोरात बोलत असले तरी त्या रेडिओसाठी ते नसतेच. मामांच्या डोंगलचा काटा अकरावर अडत होता आणि घरचा राऊटर तेरावर बसून हाका मारत होता. वीतभर अंतरावर आणूनही काही उपयोग का झाला नाही, हे आता स्पष्ट झाले.

राहिला विजेचा संबंध. घराघरांतील राऊटरांत चॅनेलची निवड बहुधा ‘ऑटो’वर ठेवलेली असते. मामांचा राऊटर चालू होतानाच आजूबाजूचा कानोसा घेत होता, जिथे गर्दी कमी तिथे जाऊन बसत होता, आणि पुन्हा बंद होईपर्यंत तिथेच राहत होता. म्हणजे वीज गेली आणि आली की नवी निवड. सहावर बसला तर संगणक चालतो. तेरावर बसला तर फोन चालतात आणि संगणक आंधळा होतो. लाइट गेली की संगणकाचे वायफाय जाते, आणि लाइट आली तरी ते परत येईलच असे नाही. मामांचे वाक्य शब्दशः खरे होते. त्यांनी कारण सांगितले नव्हते, फक्त जे पाहिले ते नीट सांगितले होते, आणि मी मात्र माझ्या युक्तिवादाच्या भरात तेवढेच टाकून दिले होते. मी त्यांना तसे सांगितले. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी आत वळून मामींना चहा टाकायला सांगितले.

तर्क कितीही जुळला तरी तो तपासल्याशिवाय मी राऊटरला हात लावणार नव्हतो. शनिवारच्या रात्रीने एवढे शिकवले होते. राऊटरचा प्लग काढला, थोडे थांबून पुन्हा लावला. फायबरवरचा राऊटर पूर्ण जागा व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो. पहिल्या वेळी तो पुन्हा तेरावरच जाऊन बसला आणि संगणकाची यादी जशीच्या तशी राहिली. दुसऱ्या वेळी आलेखातली टेकडी सहाच्या आकड्यावर उगवली, आणि काही क्षणांत संगणकाच्या यादीत सर्वांत वर घरचे नाव आले.

दुरुस्ती किरकोळ होती. फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकून राऊटरचे पान उघडायचे, २.४ च्या पट्ट्याचे चॅनेल ‘ऑटो’ऐवजी ६ करायचे, रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणायची म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण कमी होते, आणि जतन करायचे. वेळ लागला तो त्या पानाचा पासवर्ड मिळवायला, कारण राऊटरखालच्या चिठ्ठीवर छापलेला पासवर्ड केबलवाल्याने बदललेला होता आणि रविवारी दुपारी फोन उचलण्याची त्याची मुळीच इच्छा नव्हती. तिसऱ्या फोनला त्याने तो दिला. पर्याय म्हणून डोंगलच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, देश बदलण्याची सोय काही उपकरणांत असते, तशी या डोंगलमध्ये नव्हती.

पासवर्ड टाकला, संगणक जोडला गेला, मामांनी स्वतः पुढे येऊन बँकेचे पान उघडायला घेतले, आणि पान उघडले नाही. नावाखाली तीच बारीक अक्षरे होती : इंटरनेट नाही.

या वेळी मी घाई केली नाही. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली, अर्थात इंग्रजी अक्षरांत. ती संगणकाचा स्वतःचा पत्ता आणि तो ज्या दारातून बाहेर पडतो त्या दाराचा, म्हणजे गेटवेचा, पत्ता दाखवते. संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.५० होता आणि गेटवे १९२.१६८.०.१. मामांच्या राऊटरचा पत्ता तर १९२.१६८.१.१ आहे. दोन आकड्यांत एका शून्याचा फरक होता, आणि तो शून्य माझा होता. भुसावळच्या माझ्या घरचा राऊटर ०.१ वर आहे. शनिवारी रात्री सगळीकडे तसेच असते असे गृहीत धरून मी तोच पत्ता मामेबहिणीकडून भरून घेतला होता. संगणक राऊटरच्या घरात शिरला होता, पण जे दार त्या घरात नाहीच ते शोधत उभा होता. हॉटस्पॉटवर सकाळी जे ‘इंटरनेट नाही’ दिसले होते तेही याचमुळे, कारण हाताने भरलेला पत्ता त्या डोंगलला चिकटलेला होता, कोणत्याही नेटवर्कला जोडले तरी तोच. माझ्या फोनच्या रेंजचा त्यात काही दोष नव्हता. मामेबहीण एवढेच म्हणाली, “दादा, मी तर तू सांगितलेलंच भरलं होतं.” ते खरेच होते.

एरवी हा पत्ता भरण्याचे काम माणसाने करायचेच नसते. बाजार समितीच्या आवारात शिरताना गाडीला जसे टोकन मिळते, तसे नेटवर्कमध्ये येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला राऊटर काही काळापुरता एक पत्ता देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘पत्ता आपोआप मिळवा’ हा पर्याय निवडला की संगणक पुन्हा टोकनाच्या रांगेत येतो. एक खूण मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. पत्त्याची सुरुवात १६९.२५४ अशी दिसली तर समजावे की संगणकाने टोकन मागितले, कोणी दिले नाही, आणि शेवटी त्याने स्वतःच एक लिहून घेतले. तेव्हा दुखणे संगणक आणि राऊटर यांच्या मधल्या टप्प्यात असते, फायबरमध्ये नाही, आणि केबलवाल्याला फोन करण्यात अर्थ नसतो.

पत्ता आपोआपवर आणल्यावर मी पिंगच्या आज्ञेने, जी एखाद्या पत्त्याला हाक देऊन उत्तर येते का ते पाहते, तीन टप्पे तपासले. आधी राऊटरचा पत्ता, मग बाहेरच्या जगातला ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता, आणि मग एका संकेतस्थळाचे नाव. पहिल्याला उत्तर नाही तर दोष घरात. पहिल्याला आहे आणि दुसऱ्याला नाही तर दोष राऊटरच्या पलीकडे. दोन्हींना आहे आणि नावालाच नाही तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस व्यवस्था बिघडलेली, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तिन्हींना उत्तर आले. बँकेचे पान उघडले.

संगणक पुन्हा मागच्या खोलीत नेला तेव्हा डोंगल मात्र मागच्या बाजूला खोचू दिले नाही. तिथे ते लोखंडी डब्याच्या आडोशाला येते, आणि बाजूच्याच यूएसबी ३.० च्या खोबणीत मामांची हार्ड डिस्क लावलेली असते, जिच्या देवाणघेवाणीचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. हातभर लांबीची यूएसबीची वायर जोडून डोंगल टेबलाच्या कडेला, दाराच्या दिशेने आणून ठेवले. जाड भिंतीतून दोन दांड्या येत होत्या, त्या तीन झाल्या.

राऊटर इन्व्हर्टरवर घ्यावा असे मी सुचवले, म्हणजे वीज गेली तरी तो बंद पडणार नाही. मामा म्हणाले की घेऊ, पण आधी असेच पाहू. त्यांनी व्हरांड्यात जाऊन मेन स्विच पाडला, घड्याळात पाहून पाच मिनिटे थांबले आणि पुन्हा चढवला. संगणक चालू होऊन आपोआप जोडला गेला. माझा शब्द एकदा चुकलेला असल्यामुळे त्यांनी तो आणखी एकदा पाडला, आणि पुन्हा सर्व काही ठीक आले. तिसऱ्या वेळी स्विचकडे हात गेला तेव्हा स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, कारण बाहेर दुपारचे तीन वाजले होते आणि प्रत्येक वेळी कूलरही बंद पडत होता.